बाईंनी ठेवलेलं ऊन

भर दुपारी गच्चीवर उभ्या राहून बाई सूर्याकडे अशा बघायच्या, जणू तो गृहपाठ न करता वर्गात आलाय. मग म्हणायच्या, “वाया चाल्लं नं बापा सारं!”

पांढरकवड्यात त्या माझ्या शेजारी राहायच्या. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मी वीज कार्यालयात बाबू. कापसाला भाव नव्हता, तेव्हाची गोष्ट. घरोघरी कापूस पडून आणि संध्याकाळ झाली की लोडशेडिंग. गल्ली मला शिव्या द्यायची, बाई मला शिकवायच्या.

“बाबू, भाव नसला का लोक कापूस घरात ठेवतात. मंग ऊन काहून नाही ठेवत?”

आणि त्यांनी ठेवलंच. गच्चीवर सोलरची पाटी, तिची वीज पाण्यात सोडलेली. पाणी फुटून निघणारा हायड्रोजन पालथ्या ड्रममध्ये जमायचा आणि ड्रम गोबरगॅसच्या टाकीसारखा हळूहळू वर यायचा. संध्याकाळी वीज गेली की तो गॅस पेटवायचा.

बाई बॉम्ब करतात, अशी आवई उठायला कितीसा वेळ लागणार? तुमची गल्लीही काही वेगळी नसेल. एका संध्याकाळी हवालदार जिना चढून आला, तोंडात पेटती बिडी.

“बाई, हे फुटते काय?”

“तुमी बिडी घेऊन अजून जवळ आले, का फुटते.”

बिडी बादलीत गेली. टोपीही त्यानं काढून हातात धरली; कशाला, ते त्यालाही कळलं नसावं. बाईंनी नळीच्या तोंडाशी काडी लावली. ज्योत दिसेचना. “पेटलीच नाही,” म्हणत हवालदारानं बोट पुढे नेलं आणि बोंबलला.

“पेटली म्हणा आता,” बाई म्हणाल्या आणि त्याच ज्योतीवर चहाचं आधण ठेवलं.

कपभर चहा पिऊन तो खाली उतरला. जमलेल्या गर्दीला म्हणाला, “बॉम्ब-गिम्ब काही नाही. दुपारचं ऊन हाय. मी पेलो.”

त्यानंतर रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ऊन प्यायला हजर. गॅस एका कपापुरताच, म्हणून पाळ्या लागल्या. माझी सगळ्यात शेवटी. वीजवाला ना मी!

काही उन्हाळे असे गेले. मग बाईंच्या छातीनं दगा दिला. यवतमाळच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर नाकाला ऑक्सिजनची नळी. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांनी जवळ बोलावलं.

“बाबू, पाणी फोडलं का ऑक्सिजनबी निघते. मी हायड्रोजन ठेवला, अन् ऑक्सिजन फुकट हवेत सोडून देल्ला. आता वसूल करून राह्यली.”

मी इतक्या जोरात हसलो की नर्सनं मला वॉर्डाबाहेर काढलं. दारातून वळून पाहिलं. बाई डोळे मिटून, नळीसकट हसत होत्या.

पुढच्या वेळी गेलो, तेव्हा त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं.