वाटेतल्या उजेडासाठी गाऱ्हाणं

आज मी जो काही आहे, तो माझ्या आत्यामुळे. कणकवलीजवळच्या गावात मी मराठी शाळेत शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर वडील म्हणाले, "आता पुरे." तेव्हा घाटकोपरच्या भटवाडीतून आत्याचा फोन आला, "पोराक माझ्याकडे पाठव." चाळीतल्या तिच्या एका खोलीत खिडकीपाशी तिचं शिवणयंत्र असायचं. ते तिने दारात नेलं आणि खिडकी माझ्या टेबलाला दिली. तेव्हापासून ती दारातल्या उजेडावर लोकांचे ब्लाउज शिवते.

बीएस्सी, एमएस्सी झालं आणि मी पुण्याला संशोधनाला लागलो. सुट्टीला मात्र भटवाडीतच. माझा विषय थंड वायू. विश्व अगदी तरुण होतं तेव्हा दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अफाट शहरं, फार झपाट्याने वाढली. एवढे तारे घडवायला माल कुठून आला, हा प्रश्न. तो माल म्हणजे थंड वायू, असं आम्ही मानतो. पण मानणं वेगळं आणि दिसणं वेगळं.

शेजारचे काका गॅलरीत भेटले की विचारायचे, "काय शास्त्रज्ञ, गॅस मिळाला का? नाहीतर आमचा अर्धा सिलिंडर आहे, घेऊन जा."

"तुमचो तुम्हीच वापरा," आत्या यंत्रावरून ओरडायची. "चाय तरी गरम मिळांदे आमका."

गेल्या वर्षी माझी शिष्यवृत्ती संपत आली. गावच्या हायस्कूलात शिक्षकाची जागा निघाली आणि वडिलांनी तिथे शब्द टाकून ठेवला. आत्याने भावाशी भांडून वर्षअखेरपर्यंतची मुदत मिळवली. परदेशातल्या एका उंच पठारावर आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या माझ्यासाठी एकदाच एका दूरच्या दीर्घिकेकडे वळणार होत्या. त्यात थंड वायू दिसला तर संशोधन पुढे चालणार, नाही दिसला तर मी गावी परतणार. तसं मी वडिलांना कबूल केलं होतं.

आत्या म्हणाली, "गाऱ्हाणां घालूया."

आमच्याकडे मोठ्या कामाआधी देवापुढे नारळ ठेवून घरातला वडीलधारा पुरुष देवाला मोठ्याने साकडं घालतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणून होकार देतात. एकट्याने गाऱ्हाणं होत नाही, होकार देणारी माणसं लागतात. आत्याचे यजमान गेल्यापासून ती ते स्वतःच घालते. सुरुवातीला चाळीत कुजबुज झाली. आता तिच्याइतका खणखणीत आवाज कुणाचा नाही, हे सगळ्यांना मान्य आहे.

पण तिची एक अट असते. "देवाक अर्धवट सांगान चलना नाय. तुका नक्की काय होया, तां नीट सांग."

मी नीट सांगायला बसलो. वायू गरम असला की त्याचे कण सैरावैरा धावतात. गॅलरीत खेळून तापलेल्या पोरांना जेवायला बसवून बघ, बसतात का? तसंच. वायू निवला की कण संथ होतात, एका जागी गोळा होतात, आणि मग तारे जन्मतात.

"म्हणजे थंड झाल्याशिवाय तारे होनत नाय?"

"नाही."

"मगे देवाकडे काय मागू? थंडी?"

"ती पडून गेली, आत्या. हजार कोटी वर्षं झाली."

तिने नारळ खाली ठेवला. "असां कसां? झाल्या गजालीसाठी गाऱ्हाणां घालनत नाय. जां होऊचां तां होऊन गेलां, देव तरी काय करतलो?"

 शेजारचे काका, त्यांची सून, समोरच्या ताई होकार द्यायला दारात खोळंबले होते. शेवटी मी म्हणालो, "वायू तेव्हाचा आहे, पण त्याचा उजेड तेव्हा निघाला, तो अजून वाटेत आहे. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड. तो त्या तबकड्यांपर्यंत पोचायचाय."

"वाटेत असा?" तिचा चेहरा उजळला. "मगे झाला तर! वाटेत असलेल्यासाठी मागूक येता."

तिने पदर खोचला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आमच्या झिलासाठी लय लांबसून उजेड निघालेलो असा. तेका वाट चुकवू नको, वाटेत खंय अडकवू नको. जसो निघालो तसो ह्या पोराच्या पदरात पडांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" काकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी पुण्याला निघताना ती म्हणाली, "काय तां पत्रान कळव. फोनवरचां देवाफुडे ठेवूक येना नाय."

म्हणून मी हे पत्र पाठवलं:

तीर्थरूप आत्यास, साष्टांग नमस्कार.

उजेड पोचला. अगदी क्षीण आहे, पण आहे. तीन जणांनी तपासून पाहिला, मगच लिहितोय. बाबांना फोन केला. त्यांनी 'नक्की ना?' असं दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बरं, शाळेत कळवतो, तो येत नाही म्हणून."

आम्हाला वाटलं होतं, थंड वायू दीर्घिकेच्या पोटात असेल. तो तिच्याभोवती लांबवर पसरलेला निघाला, तिच्याहून कितीतरी मोठा. तो डोळ्यांना दिसेल असा चमकत नाही, त्यामुळे आजवरच्या फोटोत फक्त तारेच दिसत होते. दीर्घिका वाढली मात्र त्या वायूवर. हे पाहिल्यापासून मला दारातलं तुझं यंत्र आठवतंय. दिवाळीला आलो की ते पुन्हा खिडकीपाशी ठेवू. नाही म्हणू नकोस.

आलेखावर त्या उजेडाची रेषा उमटली तेव्हा दुपार होती आणि खोलीत मराठी कुणी नव्हतं. मी एकटाच मोठ्याने "होय म्हाराजा" म्हणालो. शेजारच्या टेबलावरच्या तमिळ मित्राने विचारलं, काय झालं? त्याला सगळं सांगितलं. मग तोही उभा राहून म्हणाला. उच्चार चुकला, पण देवाला सांग, होकार धरावा.

तुझा झील