हंबीररावांची बिनआवाजी गाडी

हंबीरराव गाडीशी बोलतात, ह्याचं त्यांच्या गावात कुणालाच नवल नाही. तासगावच्या अलीकडं, द्राक्षबागांच्या मधोमध त्यांचं गाव. उभी हयात फौजेत गेली, तीही ट्रकच्या स्टिअरिंगमागं. लेहचा बर्फ तुडवला, राजस्थानची वाळू खाल्ली, हवालदार होऊन पेन्शनीत निघाले, पण सकाळची 'फर्स्ट परेड' काही सुटली नाही. फर्स्ट परेड म्हणजे फौजी ड्रायव्हरची देवपूजाच म्हणा. बॉनेट उघडायचं, पाणी बघायचं, ऑइल बघायचं, चाकांना बुटाची ठोकर मारायची आणि मग इंजिन चालू करून, डोळे मिटून, त्याचा आवाज ऐकायचा. नुसत्या आवाजावरनं ते गाडीचं दुखणं सांगत. शेजारच्या नाथाजीचा ट्रॅक्टर लांबनं येताना ऐकला, की हे अंथरुणातनं ओरडायचे, "नाथा, नोजल गेलाय रं!" आणि गेलेला असायचा, आता काय बोलणार!

असल्या माणसाच्या दारात त्यांच्या पोरानं, उदयसिंहानं, पुण्याहून आणून हायब्रिड गाडी उभी केली. स्वतःला नवी घेतली आणि आपली वापरलेली बापाला दिली. "आबा, ही पेट्रोलवर पण चालते आणि बॅटरीवर पण. चार्जिंगला लावायची भानगड नाही, आपली आपणच चार्ज होते," एवढं सांगून, मटण चापून पोरगा गेला सुद्धा पुण्याला. मोठं ज्ञान देऊन गेला लेकाचा!

दुसऱ्या दिवशी उजाडताच हंबीरराव परेडला हजर. पाणी झालं, ऑइल झालं, ठोकरा झाल्या. बटण दाबलं. पडद्यावर दिवे लागले, रेडिओवर भजन सुरू झालं आणि इंजिन? इंजिन गप. हंबीररावांनी बॉनेटला कान लावला. काही नाही. "दमानं घेत आसंल," म्हणून ते आत बसून राहिले. भजन संपलं, शेतकऱ्यांसाठी हवामान झालं, बातम्या झाल्या. इंजिन काही उठलं नाही. असं रोज सकाळी. आठवडाभरात दिवेही लागेनात, रेडिओही बोलेना आणि रिमोटनं दारही उघडेना. शेवटी टोचन लावून गाडी सांगलीला न्यायची पाळी आली. भर दुपारी, साऱ्या गावासमोर. नाथाजी पारावरनं ओरडला, "हवालदार, गाडी चालवायला काडली का मिरवायला?" हंबीररावांनी खिडकीची काच वर करायला बटण दाबलं. तीही हलली नाही.

सांगलीच्या सर्व्हिस सेंटरात अंकिता नावाची इंजिनिअर पोरगी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं होतं का?"

"चालू करताना ब्रेक कशाला दाबू? थांबवायचीया व्हय?"

पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं त्यांना शेजारी बसवून शिकवलं. पाय ब्रेकवर, मग बटण. पडद्यावर 'रेडी' अक्षरं आली की गाडी तयार, आवाज येवो न येवो. इंजिन तिला लागेल तेव्हा ती स्वतः चालू करते. रोज सकाळी गरम करत बसायचं काम नाही. 'रेडी' न करता रेडिओ ऐकत बसलं की पुढची लहान बॅटरी उतरते, तीच उतरली होती. गाडी महिनाभर उभी ठेवायची नाही, आठवड्यातनं एकदा तरी चांगली लांब फिरवून आणायची. ऑइल, कूलंट नेहमीसारखं वेळेवर. नारिंगी वायरींत जबर करंट, त्यांना मात्र मरेपर्यंत हात लावायचा नाही. "आणि वेग कमी करताना बॅटरी भरते, त्यामुळं ब्रेक कमी झिजतात. शिवाय मागच्या सीटच्या कडेला एक जाळी आहे, ती कधीही..."

"थांब, थांब पोरी! वेग कमी केला की बॅटरी भरती? मंजी उतारावर फुकाट?"

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. ट्रकचे ब्रेक तापवत घाट उतरलेला माणूस तो. उतारावर पदरात काही पडतं हे ऐकून त्यांचं डोकं तिथंच अडकलं. जाळीचं वाक्य अंकितानं पुरं केलं, पण ते हवेत गेलं.

त्यानंतर हंबीररावांचा थाट काय विचारता! पारावर बसून ते गावाला हायब्रिड शिकवू लागले. "पाय हलका ठेवायचा. लांबनंच आदमास घ्यायचा आन् ॲक्सिलेटर सोडून द्यायचा. बॅटरी भरत ऱ्हाती." पारावरच्या एकाकडंही अशी गाडी नव्हती, पण ऐकायला काय जातंय! नाथाजीनं तर ट्रॅक्टरवर हलका पाय ठेवून बघितला. ट्रॅक्टर चढावर मागं सरकला.

सगळं झालं, पण ज्या माणसासाठी गाडी राखायची ते माणूस काही गाडीत बसेना. बनुबाई. हंबीररावांची बायको.

झालं असं, की गाडी सांगलीहून दुरुस्त होऊन आली त्याच आठवड्यात बनुबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या आणि हंबीरराव गाडी रिव्हर्स घेत होते. आवाज नाही, काही नाही. बनुबाईंनी सहज मागं वळून बघितलं तर गाडी पाठीशी येऊन उभी! पापडाचं ताट एकीकडं, बनुबाई एकीकडं. "जित्या वस्तूला आवाज असतुया," त्यांनी निकाल दिला. "म्हशीला हाय, चुलीला हाय. हिच्यात जीवच न्हाई. म्या न्हाई बसायची." आणि त्या बाजारालासुद्धा एसटीनं जात राहिल्या.

हंबीररावांना हे फार लागलं होतं. त्याचं कारण जुनं होतं. लग्नात बनुबाईंच्या भावानं आटपाडीच्या मांडवात हसत हसत म्हटलं होतं, "डायव्हरला दिलीया भणीला, आता रोज गाडीतनं हिंडंल!" आणि हिंडल्या कशातनं, तर एसटीतनं, दांडा धरून, कडेवर पोर घेऊन. फौजेत कधी ट्रक सोडून साहेबांच्या गाडीवर ड्युटी लागली, तर हंबीररावांनी साहेबांच्या बायकांना अदबीनं दार उघडून गाडीत बसवलं, पण स्वतःच्या बायकोला एकदाही नाही. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून तर ते जास्त सलायचं. एकदा, फक्त एकदा, आटपाडीत भावाच्या दारात बनुबाईनं पुढच्या सीटवरनं उतरावं आणि माहेरच्या चार माणसांनी ते बघावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

ऐन मे महिन्यात भावाच्या नातवाचं बारसं आलं. हंबीररावांनी तीन दिवस मनधरणी केली. शेवटी बनुबाई म्हणाल्या, "बसते. पर सामान म्या माज्या हातानं भरणार. आन् गाडीनं वाटंत काय येडंवाकडं केलं, तर हितनं फुडं नाव काडायचं न्हाई."

"कबूल!" हंबीरराव म्हणाले. काहीही कबूल केलं असतं त्यांनी.

बनुबाईंच्या घरात उघडी वस्तू चालत नाही. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं. मग सीट कशी उघडी राहील? त्यांनी मागच्या सीटवर घरची जाडजूड वाकळ अंथरली, जुन्या लुगड्यांची, सात पदरी. कडा नीट दोन्ही बाजूंनी खाली खोचल्या. वर बेदाण्याचे खोके, पापड-कुरडयांचा डबा, बाळंतविडा. "कशी दिसती?" त्यांनी विचारलं. "नवरीवानी," हंबीरराव म्हणाले.

विट्यापर्यंत सगळं गोडीत. बनुबाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या आणि एसीची हवा लागताच थोड्या सैलावल्याही होत्या. पण पुढं आटपाडीच्या बाजूचा माळ लागला, ऊन भाजायला लागलं आणि अचानक पडदा लाल झाला. टिंग टिंग टिंग! हायब्रिड यंत्रणा तापलीय, सुरक्षित जागी थांबा. गाडीचा दमच गेला.

हंबीररावांनी गाडी एका लिंबाखाली घेतली. उतरून बॉनेट उघडलं. पाणी जागेवर, ऑइल जागेवर. कान लावला, तर ऐकायला काही नाही! आयुष्यभराची विद्या अशी वाया गेलेली बघून त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. बनुबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "आटपाडीची यष्टी यील आता."

हंबीररावांनी घाईघाईनं अंकिताला फोन लावला. तिचा पहिलाच प्रश्न, "काका, मागच्या सीटवर काय ठेवलंय?"

"काय न्हाई. जरा सामान."

"सीटच्या कडेची जाळी झाकली गेलीय का? मोठी बॅटरी सीटखाली आहे. तिला आतली गार हवा त्या जाळीतनं मिळते. मी सांगितलं होतं, ती कधीही झाकायची नाही म्हणून."

हंबीररावांनी आत डोकावून बघितलं. जाळी वाकळीखाली, सात पदरांच्या खाली. त्यांचं तोंड उतरलं. आता बायकोला सांगायचं, की तुझ्या वाकळीनं घात केला? ती परत कधी बसेल ह्या गाडीत? न सांगता वाकळ काढायची, तर कारण काय सांगायचं? लांब फुफाटा उठला होता. एसटी येत होती.

"आवं, काय म्हंती ती पोरगी?" बनुबाईंनी विचारलं.

खोटं त्यांच्या ओठावर आलं होतं. सेन्सर म्हणा, वायर म्हणा, बायकोला काय कळणार होतं? पण जिला आज पहिल्यांदा मानानं शेजारी बसवली तिला फसवायचं, हे त्यांच्यानं होईना. त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "तुजी वाकळ न्हवं गं, चूक माजी. त्या पोरीनं सांगितलं तवा मी ऐकलं न्हाई. ही गाडी मागनं हवा घेती. आपुन तिचं नाक दाबून आणलंय घरापासनं."

बनुबाई रस्त्याकडनं वळल्या. "म्हंजी? ही शास घेती?"

"तसंच म्हनायचं."

"आगं बया बया! आन् म्या हिच्या नाकावर बेदान्याचं खोकं ठिवलं!" बनुबाईंनी दार उघडून खोके भराभर खाली काढले, वाकळ ओढली. जाळीला धागे चिकटले होते ते नखानं वेचले आणि वाकून पदरानं वारा घालायला लागल्या. अंकिता फोनवरनं सांगत होती, "बंद करू नका काका, 'रेडी'वर ठेवा, काचा लावा, एसी चालू द्या. थोड्या वेळात निवेल."

एसटी येऊन थांबली. कंडक्टर दारातनं ओरडला, "आटपाडी, आटपाडी! येताय का मावशी?"

"जावा तुमी," बनुबाई मागं न बघता म्हणाल्या. "आमची गाडी दमलीया. तिला टाकून कुटं येऊ?"

हंबीरराव लिंबाच्या बुंध्याकडं तोंड करून बराच वेळ उपरण्यानं घाम पुसत राहिले. घाम डोळ्यांनाच जास्त आला होता.

तांबडा दिवा विझला. खोके पायाशी आणि डिकीत गेले, वाकळ बनुबाईंनी मांडीवर घेतली आणि गाडी निघाली. हंबीररावांनी इतक्या हलक्या पायानं चालवली, की आटपाडीत शिरताना ती निव्वळ बॅटरीवर आली. भावाच्या दारात मांडव होता, पाव्हणे दाटीवाटीनं बसलेले, बायका पाळण्याभोवती पाठमोऱ्या. गाडी अगदी मांडवाला लागून थांबली. आणि कुणी म्हणजे कुणी मान वळवली नाही. कळलंच नाही कुणाला!

हंबीररावांचा जीव एवढासा झाला. ज्या क्षणासाठी सगळी धडपड केली, तो असा मुक्यानं चालला होता. तरी ते उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि साहेबांच्या बायकांसाठी धरायचे तसं, अदबीनं, बनुबाईंसाठी दार उघडून धरलं.

बनुबाईंनी मांडवाकडं बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. त्या उतरल्या नाहीत.

"लावा ते दार परत," त्या म्हणाल्या.

हंबीररावांनी दार लावलं. बनुबाई आतनं स्टिअरिंगकडं झुकल्या आणि त्यांनी हॉर्नवर पालथा पंजा ठेवला. पाळण्यातलं पोर दचकून रडायला लागलं, आचारी झारा घेऊन बाहेर आला, म्हातारा भाऊ काठी टेकत दारात येऊन उभा राहिला, तरी पंजा हलला नाही. अख्खा मांडव वळून बघेपर्यंत हलला नाही.

मग त्यांनी हात उचलला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काचेतनं नवऱ्याला खूण केली.

"हं. उगडा आता."