पंक्चरचं गाणं आणि उसातली वाट

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी सयाजीने पारगावच्या फाट्यावर, आदेशच्या मोबाइलच्या दुकानातून, एक हजार तीनशे एकोणपन्नास रुपयांचा ब्लूटूथ स्पीकर घेतला. तेराशे रोख दिले. वरचे एकोणपन्नास सुटे नव्हते, ते नंतर देतो म्हणाला. आदेशने मान डोलावली.

स्पीकर घ्यायला लागला तो बिबट्यामुळे. दिवाळीच्या आधी शेजारच्या मळ्यात गवत कापायला वाकलेल्या एका बाईवर बिबट्याने झडप घातली होती. पदर मानेभोवती गच्च गुंडाळलेला होता म्हणून जीव वाचला, तरी टाके बरेच पडले. मग वनखात्याची माणसं आली, ओढ्याकाठी पिंजरा लावून आत शेळी बांधली आणि देवळापुढे लोकांना गोळा करून चार गोष्टी सांगून गेली. रानात वाकू नका, वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. दिसला तर पळू नका, पाठ फिरवू नका. लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या. वाटेने आवाज करत जा, गाणी लावा. पिंजऱ्यात बिबट्या काही आला नाही. शेळी मात्र बसल्या जागी चारा खाऊन चांगली गुटगुटीत झाली.

सयाजीला ती वाट टाळता येत नव्हती. त्याची नात श्रेया तिसरीत होती आणि शाळेची गाडी तिला दिवस मावळताना फाट्यावर सोडायची. मुलगा सुदर्शन कंपनीतून उशिरा यायचा. सून आरतीची ती धारा काढायची वेळ. त्यामुळे नातीला आणायचं काम सयाजीचं. फाट्यापासून मळ्यापर्यंत कालव्याच्या कडेने गाडीवाट होती आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. कारखाना सुरू झाला होता, पण या पट्ट्यात तोडणीची टोळी अजून आली नव्हती. आजूबाजूचा ऊस तुटत जाईल तसा बिबट्या उरलेल्या उसात सरकत येतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेला ऊस म्हणजे सयाजीची वाट.

सयाजी मुळातच भित्रा. आयुष्यभर ते त्याने कुणाला कळू दिलं नाही एवढंच. आता दुपारचा चहा झाला की तो घडीघडी सूर्य किती खाली आला ते बघायचा. श्रेयाचा हात धरला की आपल्याच तळहाताला घाम फुटलेला कळायचा आणि पोरीला तो जाणवू नये म्हणून तो मधेच हात बदलायचा.

गाडीची वाट बघत तो दादाभाऊच्या चहाच्या टपरीवर बसायचा. टपरी आदेशच्या दुकानाला लागूनच. तिथे रोज एकच वाद चालायचा आणि त्या वादात मात्र सयाजी कुणाला भ्यायचा नाही.

वाद नवलाई बँजो पार्टीचा होता. जुन्नरकडच्या या पार्टीला पंचवीस वर्षं झाली होती. त्यानिमित्त पेठ गावात मोठा कार्यक्रम ठरला होता आणि पार्टीचे म्होरके, गायक धर्माजी यांनी चाहत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं होतं की आमच्या चाळीसेक गाण्यांतली कोणती बारा वाजवावीत. ग्रुपचा अॅडमिन आदेश. सयाजीकडे पार्टीच्या पहिल्या कॅसेटपासून सगळं जपून ठेवलेलं. तो जे म्हणेल तिकडे जुनी माणसं जाणार हे आदेशला माहीत होतं. अकरा गाण्यांवर कुणाची तक्रार नव्हती. घोडं अडलं होतं बाराव्या गाण्यावर. ते गाणं म्हणजे ‘पंक्चर’.

‘पंक्चर’ अगदी हलकंफुलकं. एका पोराची मोटारसायकल घाटात पंक्चर होते, मागे बसलेल्या पोरीबरोबर चालायला मिळेल म्हणून तो खूश होतो आणि पंक्चरवाल्याच्या हातापाया पडतो. मधे पार्टीतली सगळी माणसं ओरडतात आणि स्टीलच्या ताटांवर पळ्या बडवतात. लग्नाच्या वरातीत ते वाजलं नाही तर नवरदेव घोड्यावरून उतरत नाही अशी त्याची ख्याती.

सयाजीचं म्हणणं असं, की ज्या पार्टीने ‘पाण्याखालचं गाव’ केलं तिने हे करायलाच नको होतं. करून बसले ते बसले, पण पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमात ही दोन गाणी एका पंगतीला बसवू नयेत. पहिल्यांदा ऐकणारा माणूस ‘पंक्चर’ ऐकून घरी जाईल आणि यांना वरातीचा बँड समजेल. आदेशचं म्हणणं असं, की ‘पंक्चर’च्या सुपाऱ्यांवर पार्टी जगली म्हणून बाकीची गाणी करता आली. आणि आज्यापासून नातवंडापर्यंत सगळ्यांना पाठ असलेलं दुसरं गाणं दाखवा. मेंढ्या वळून परतणारा जालिंदर म्हणायचा, आपण दोन्ही गाणी मेंढरांना ऐकवली, कुणाचीच तक्रार नाही. दादाभाऊ फक्त धंद्याचं बोलायचा. ‘पंक्चर’ लागलं की चहा खपतो, दुसरं लागलं की लोक चहा प्यायचा विसरतात आणि गार झाला म्हणून परत करतात.

“तात्या, पंक्चर लागलं की तुमचा पाय हालतो,” आदेश एकदा म्हणाला. “मी बघत आसतो.”

“पायाला काय आक्कल आसती का?” सयाजी म्हणाला.

‘पाण्याखालचं गाव’ त्याच्या इतक्या जिव्हाळ्याचं का, हे त्याने टपरीवर कधी सांगितलं नाही. त्याची बायको साळूबाई डिंभ्याच्या धरणात गेलेल्या गावची. लग्नानंतर काही वर्षांनी तिचं माहेर पाण्याखाली गेलं. त्या वेळी तिला काय बोलावं हे सयाजीला सुचलं नव्हतं, आणि तो काही बोललाही नव्हता. पुढे एका जत्रेत नवलाईने ते गाणं पहिल्यांदा म्हटलं. तिसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं एकदम थांबतात. काहीच वाजत नाही, माणूस श्वास धरून बसतो, आणि मग खोल पाण्यातून आल्यासारखी देवळाची एक घंटा येते. त्या शांततेत साळूबाईने पदर तोंडाला लावला होता. आपल्याला जे बोलता आलं नाही ते या लोकांनी बोलून दाखवलं, असं सयाजीला वाटलं. तेव्हापासून ते गाणं कुठेही लागलं की तो त्या जागेवर हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा. दादाभाऊच्या स्टोव्हला हवा मारणंही बंद.

स्पीकर घेतला त्या दिवशी आदेशने मोबाइलमध्ये नवलाईची गाणी भरून दिली. ‘पंक्चर’ही टाकतो, जागा भरपूर आहे, म्हणाला. सयाजीने नको म्हणून सांगितलं.

दोन-तीन दिवस बरे गेले. गुरुवारी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि शाळेची गाडी उशिरा आली. श्रेया उतरली तेव्हा समोरचं माणूस ओळखू येईल एवढाच उजेड राहिला होता. दादाभाऊ म्हणाला, थांबा, कुणी गाडीवाला आला तर सोडील. थोडा वेळ थांबले, कुणी आलं नाही, आणि उजेड तर चाललेला. सयाजीने एका हातात बॅटरी आणि स्पीकर, दुसऱ्या हातात श्रेया असं धरलं आणि निघाला.

श्रेयाने ‘पंक्चर’ लावा म्हणून हट्ट धरला. तो म्हणाला, मोबाइलमध्ये नाही. मग त्याने आपलं ‘पाण्याखालचं गाव’ लावलं. धर्माजींचा भरदार आवाज उसावरून गेला तशी त्याची भीती थोडी बसली. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. कालव्याच्या मोरीजवळ आले तेव्हा तिसरं संपलं आणि वाद्यं थांबली.

इतकी वर्षं ज्या शांततेसाठी त्याने लोकांना गप्प केलं होतं ती आता चहूबाजूंनी आली. आणि तिच्यात उसाचं पाचट वाजलं.

डाव्या हाताला, वाटेच्या अगदी कडेला. वारा नव्हता. सयाजी थांबला तसं तेही थांबलं. श्रेयाने त्याच्याकडे मान वर करून पाहिलं, म्हणजे तिनेही ऐकलं होतं. त्याने एक पाऊल टाकलं. पाचट पुन्हा वाजलं, एकच पाऊल. गाणं चालू होतं तोवर हे किती वेळ आपल्या बरोबरीने चालत होतं, हा विचार त्याच्या मनात आला. गाणं बदलावं म्हणून त्याने खिशातला मोबाइल काढायला हात घातला, तर घामाने ओल्या बोटांतून स्पीकर निसटून चिखलात पडला. तो उचलायला त्याची कंबर अर्धी वाकली, आणि तेवढ्यात देवळापुढचं बोलणं आठवलं. तो तसाच ताठ झाला. श्रेयाला उचलून त्याने खांद्यावर बसवलं.

चिखलातल्या स्पीकरमधून घंटा वाजली.

ते पाच-सहा पावलं पुढे गेले असतील. सयाजीने मागे बॅटरी मारली. बिबट्या वाटेवर आला होता. डोकं खाली, शेपटी जमिनीला टेकलेली, स्पीकरचा वास घेत होता. धर्माजी चौथं कडवं म्हणत होते. मग त्याने मान वर केली आणि बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे हिरवे चमकले. ते सयाजीकडे बघत नव्हते. त्याच्या खांद्यावर बघत होते.

सयाजी तोंड तिकडेच ठेवून उलटा चालू लागला. दहा-बारा पावलांवर मोबाइलचा आणि स्पीकरचा संबंध तुटला आणि गाणं मधेच बंद पडलं. आता पुन्हा काहीच वाजत नव्हतं. ओरडावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना.

वरून श्रेयाचा आवाज आला. रडवेला, चिरका, पण चढा. दप्तरातून डबा काढून ती त्याच्यावर चमचा बडवत होती.

“पंक्चर काढू नको दादा, हवा राहू दे कमी...”

“ती चालंल माझ्या बाजूनं,” सयाजीच्या तोंडून निघालं, “पिशवी धरीन मी.”

मग तो थांबला नाही. सगळं गाणं त्याला पाठ होतं. एकही शब्द अडला नाही. ताटं बडवायच्या जागी श्रेया डबा बडवायची, ओरडायच्या जागी तो छातीतून ओरडायचा, आणि गाणं संपलं की श्वासही न घेता पहिल्यापासून. त्या गाण्यात श्वास घ्यायलासुद्धा मोकळी जागा नव्हती. बिबट्या वाटेवर बसला, उठला, दोन पावलं पुढे आला. पुन्हा बसला. ताटांच्या जागेवर त्याने कान पाडले. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा बॅटरीच्या उजेडात वाट मोकळी होती, आणि ते त्याहून वाईट होतं, कारण आता तो कुठे आहे हे कळत नव्हतं.

गोठ्याचा दिवा दिसेपर्यंत ते गात होते. आरती दुधाची कासंडी टाकून धावत बाहेर आली. पोरगी तिच्याकडे देताना सयाजीच्या तोंडून शेवटचं कडवं चाललंच होतं. साळूबाईने त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठे ते थांबलं. तिने विचारलं, आधी कोणतं गाणं लावलं होतं. त्याने सांगितलं.

“माझं गाव बुडालं तवा मी रडून घेतलंया,” ती म्हणाली. “पोरीला आणाया जाताना ते कशाला वाजवायचं व्हतं?”

रात्री तो जेवला नाही. डोळे मिटले की पाचट वाजायचं.

सकाळी सुदर्शनबरोबर जाऊन त्याने स्पीकर आणला. चिखलात पंजे उमटले होते, आणि स्पीकरच्या जाळीला दातांची दोन भोकं पडली होती. सुदर्शनने त्या दिवशी रजा टाकली, आणि पुढच्या आठवड्यापासून दुपारची पाळी बदलून सकाळची मागितली. ती मिळेल की नाही हे कुणी सांगत नव्हतं.

संध्याकाळी दोघंही फाट्यावर गेले. बातमी आधीच पोचली होती. जालिंदरने सरकून जागा दिली. दादाभाऊने चहा पुढे केला. आदेशने स्पीकर हातात घेऊन भोकं पाहिली आणि तो परत ठेवला.

“बारावं गाणं लिव्ह,” सयाजी म्हणाला. “पंक्चर. आन् त्याच्यानंतर काय वाजवू नका म्हनावं. लोकांना घरी जायचं आसतं.”

आदेशने तिथल्या तिथे ग्रुपवर टाकलं. जुन्या माणसांचे अंगठे येऊ लागले. मग तो हलकेच म्हणाला, “तात्या, आता गाणं चांगलं हाये म्हना की एकदा. म्हना, तुमचे एकोणपन्नास रुपये मी सोडून देतो.”

सयाजीने चहाचा कप खाली ठेवला. समोर उसाच्या वाटेवर उजेड कमी होत चालला होता. लांबून शाळेच्या गाडीचे दिवे दिसले तसा तो उठून उभा राहिला.

“कामाचं हाये,” तो म्हणाला. “चांगलं न्हाई.”

त्याने मोबाइल पुढे केला आणि ‘पंक्चर’ भरून घेतलं. श्रेया गाडीतून उतरली. तिच्या हातात डबा आणि चमचा तयार होता. तिघंही वाटेला लागले.

बिबट्या अजून सापडलेला नाही. आदेशच्या दुकानात सयाजीचे एकोणपन्नास रुपये बाकी आहेत.