बंदरावरची खानावळ आणि कामथडीची खुर्ची

राजगड उतरून आलेली माणसं आमच्याकडे पिठलं-भाकरी खातात, हात धुतात आणि पडवीत आडवी होतात. त्यांचे पाय गड चढून गेलेले असतात. माझे न चढताच गेलेत. मग त्यांच्यातलं कुणीतरी विचारतंच, "काका, तुम्ही म्हणे बोटीवर कुक होता?" आणि मी सुरू होतो. अलीकडे सुरू व्हायचाही कंटाळा येतो, पण तोंडाला सवय लागलीय. मी नुसते डोळे मिटतो, ते आपलं आपलं बोलत राहतं.

भूमध्य समुद्राच्या काठावर एक बंदर आहे. तिथं गेलात तर जेवायचं कुठं, एवढंच मी सांगतो. धक्क्याला लागून खानावळींची रांग आहे. पूर्वी मी एकशेचाळीस सांगायचो, आता तीनशेवर गेल्या. पुढच्या रांगेत बसू नका, तिथं फक्त वारा खायला मिळतो. डाव्या हाताच्या बोळात शिरा. निळ्या दाराची एक खानावळ लागेल. तिथं मासा एवढा मोठा येतो, की त्याची शेपटी शेजारच्या हॉटेलात जाते आणि तिथल्या गिऱ्हाइकाला तिचं वेगळं बिल लागतं. लिंबं नारळाएवढी, पिळायला दोन माणसं लागतात. आणि खुर्ची. तिथला वाढपी तुमच्या मागून खुर्ची अशी अलगद सरकवतो, की आपण बसलो हे माणसाला जेवण झाल्यावर कळतं.

पुण्याची पोरं हसतात. भिंतीपलीकडे चुलीपाशी माझी बायको भाकऱ्या करत असते. पडवीत जेवण द्यायला लागल्यापासून अकरा वर्षं तिनं हे सगळं भिंतीतून ऐकलंय. शेपटीचा मासा तिला पाठ आहे.

या वर्षी हिवाळ्यात गडावर माणसं फार आली. शनिवार-रविवार शंभर-शंभर भाकऱ्या. (खरं सांगायचं तर साठ. पण साठ सांगितल्या तर तिचं मनगट का गेलं ते कुणाला पटणार नाही.) माघ सरता सरता तिला ताटसुद्धा उचलवेना. एका मंगळवारी तिला गाडीवर मागं बसवून भोरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि पंधरा दिवस या हातानं काही करायचं नाही म्हणून सांगितलं. "मग भाकऱ्या?" मी विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी औषधाची चिठ्ठी न बघताच खिशात घातली.

बाहेर आल्यावर ती गाडीला टेकून उभी राहिली.

"तुमच्या त्या बंदरावर नका नेऊ मला," ती म्हणाली. "पर आज खुर्चीत बसून जेवायचंय. दुसऱ्यानं वाढलेलं. आन् जेवन होईस्तोवर मी उठनार न्हाई."

तीस वर्षांत या बाईनं माझ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. मी विचार करायला लागलो, हिला बसून सलग जेवताना आपण कधी बघितलंय? घरी सगळ्यांचं झाल्यावर, तेही चुलीकडे एक डोळा ठेवून. लग्नाकार्यात वाढणाऱ्या बायकांत. मला एकही जेवण आठवेना. मी एवढा मोठा सांगणारा, पण एक खोटंसुद्धा सुचेना.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "भोरात काय हाटेलांना तोटा हाय व्हय?"

हॉटेलांना तोटा नव्हता. ओळखीलाही नव्हता, हे मी विसरलो. स्टँडजवळच्या खानावळीत शिरून ती बाकड्यावर टेकते न टेकते तोच मालक गल्ल्यावरून उठला. तिच्या माहेरच्या भावकीतला निघाला.

"आक्का, तुमी हितं? बाकड्यावर? गिऱ्हाइकागत?" त्याचा चेहरा पडला. "दाजी, तुमाला तरी शोभतं का? मागं घर हाय आपलं."

"अरे, हितंच बसू दे तिला. तिला खुर्चीत..." मी म्हणालो.

"माझ्या बहिनीनं हाटेलात जेवायचं आन् मी गल्ल्यावर बसून बघायचं? चला, उठा."

आमच्या आणि हिच्या माहेरच्या, दोन्ही तालुक्यांत नातेवाइकाच्या हॉटेलात जेवता येत नाही आणि नातेवाइकाचं नसेल असं हॉटेल सापडत नाही. मागच्या घरात त्याची बायको घामाघूम झाली होती. भाकरी करणारी बाई आली नव्हती, आणि हिच्या भाकरीचा लौकिक माहेरापर्यंत पोचलेला. "आक्का, देवासारख्या आलात बघा. माझ्या भाकरीला चिराच पडत्यात. तेवढं बघता का?"

हिनं पट्ट्याचा हात पदराखाली घेतला आणि डाव्या हातानं तव्यावरची भाकरी उलटली. एक. मग दुसरी. तिसऱ्या भाकरीला मी म्हणालो, की डॉक्टरांचा फोन आलाय, हाताचा फोटो उलटा निघालाय, परत बोलावलंय. माझ्या खिशातला मोबाईल तेव्हा बंद होता. आम्ही नुसता चहा घेऊन तिथून निसटलो.

"आता असं ठिकान दावतो, की बंदर इसरशील," मी गाडी चालू करताना म्हणालो.

भाटघरच्या धरणाच्या पाण्याकडेला एक हॉटेल आहे. पाण्यालगत प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या, मासळीची थाळी, समोर निळं पाणी. ओळखीचं कुणी नाही. ती खुर्चीत बसली. पाण्याकडे बघत राहिली. थाळी आली, तिनं पहिला घास मोडला. इथपर्यंत मी गप्प होतो. हा माझ्या आयुष्यातला विक्रम होता आणि तो तेवढाच टिकला.

शेजारच्या टेबलावरच्या पाहुण्यांनी मालकाला विचारलं, मासा ताजा आहे का. मला विचारलं नव्हतं. तरी मी उत्तर दिलं. ताज्या माशाचा डोळा कसा असतो, त्यावरून बोटीवरचा कुक, त्यावरून निळं दार, त्यावरून शेपटी, त्यावरून नारळाएवढी लिंबं. ती माणसं खुर्च्या वळवून बसली.

"काका, बोटीवर कुक होता म्हणता," मालक म्हणाला, "मग एक मासा त्या बंदरासारखा करून दाखवा की. बघू तरी."

नाही म्हणायला काय झालं होतं? पण मी बाह्या सरसावून आत गेलो. अख्खा कटला थंड तेलात सोडला. तो तळाला चिकटला, त्याची पाठ फाटली आणि खोलीभर धूर झाला. मी उलथनं घेऊन उभा होतो, आणि बाहेर पाहुणे वाट बघत होते.

तेवढ्यात उलथनं माझ्या हातातून गेलं. ती आली होती. डाव्या हातानं तिनं कढई उतरवली, मासा सोडवला, दुसऱ्या कढईत तेल ओतून जाळ मोठा केला. "तेल तापू द्या की आधी," एवढंच म्हणाली. मासा चांगला झाला. पाहुण्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या, हेसुद्धा सांगायला पाहिजे.

बाहेर आलो तर तिच्या थाळीतला मासा कावळ्यानं नेला होता आणि भातावर माश्या बसल्या होत्या. तिनं हात धुतला. "चला," म्हणाली.

कापूरव्होळपर्यंत मी नुसती गाडी चालवली. गाडीवर एक बरं असतं, मागच्या माणसाला आपलं तोंड दिसत नाही.

"मी कुक नव्हतो," मी म्हणालो. "बोटीवर भांडी घासायचो."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"लग्नानंतर पैल्या दिवाळीला तुमाला कांदा चिरायला दिला व्हता."

मागून ट्रक गेला. तो जाईपर्यंत ती थांबली. मग विचारलं, "आन् त्या बंदरावर जेवायचा कुठं?"

तेव्हा सांगितलं. बंदरावर उतरायला मिळालं ते एकदाच, तीन तास. धक्क्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. पाट्यांवरचं अक्षर कळत नव्हतं, आकडे कळत होते, आणि ते बघून आत जायची छाती झाली नाही. शेवटी दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसलो आणि बोटीवरून कागदात बांधून आणलेला पाव आणि उकडलेला बटाटा खाल्ला. बटाट्याला मीठ नव्हतं.

"आन् खुर्ची?" ती म्हणाली.

"ती खरी हाय. समोरच्या खानावळीत एक म्हातारी आली. तिच्या मागनं वाढप्यानं खुर्ची सरकवली. ते म्या बघितलं."

कामथडीजवळ हायवेला लागून एक मोठं हॉटेल आहे, ट्रक आणि बस थांबतात तसलं. तिथं मी गाडी वळवली. दुपार टळून गेली होती. आत एकच वाढपी जागा होता, माझ्याहून वयानं मोठा, पांढऱ्या मिशांचा, कुठल्या तरी लांबच्या मुलखातला. मी खुर्ची मागं ओढली. ती समोर उभी राहिली. मग मी खुर्ची पुढं सरकवली, जरा जास्तच, तिचे गुडघे टेबलावर आपटले.

"हळू," ती म्हणाली, आणि बसली.

थाळी आली. भाजीत साखर, आमटी गार, रोटी चामड्यासारखी. ती सावकाश डाव्या हातानं खात होती. डाव्या हातानं जेवायची तिला लाज वाटत होती, पण इथं बघणारं कुणी नव्हतं. रोटी संपली. वाढपी टोपली घेऊन आला.

"माताजी, रोटी?"

"नको," ती म्हणाली आणि ताटाकडे बघत राहिली. वाढपी निघून गेला.

आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणत नाहीत. भूक कितीही असो, पहिलं "नको" रीतीचं असतं. दुसरं भिडेचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस ताट पुढं करतो. ती दुपारभर उपाशी होती आणि रिकाम्या ताटावर बोट फिरवत होती. मी वाढप्याला हाक मारली.

"उनको फिर से पूछो."

"उन्होंने मना किया, साब."

"वो पहला मना है," मी म्हणालो. "अभी दो बाकी हैं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. दमलेलाच माणूस होता तोही. टोपली घेऊन परत आला. "माताजी, रोटी?"

"न्हाई, बास."

तो वळायला लागला. मी नुसती मान हलवली. तो थांबला. "माताजी, एक लीजिए."

"बरं, अर्धी टाका," ती म्हणाली. त्यानं अख्खी वाढली.

"लई वातड हाय," ती मला म्हणाली आणि खायला लागली. पुढं भात घेऊन तो आपणहून आला. ती "नको" म्हणाली. या वेळी तो गेला नाही. भाताचं भांडं काखेत धरून तिथंच उभा राहिला, दुसऱ्या "नको"ची वाट बघत. ट्रकचे भोंगे वाजत होते. ती जेवण होईपर्यंत उठली नाही.

पंधरा दिवसांची विश्रांती दहाव्या दिवशी संपली, कारण गडावर पुन्हा माणसं आली. पडवीत कुणी विचारलंच तर मी अजून सांगतो. शेपटी तीच, लिंबं तीच. पण निळ्या दाराच्या खानावळीत आता पांढऱ्या मिशांचा एक वाढपी असतो. तो तीनदा विचारतो, आणि नाही म्हटलं तरी हलत नाही. एवढं ऐकलं, की भिंतीपलीकडचा भाकरी थापायचा आवाज थांबतो. मग पुन्हा सुरू होतो.