भरतीच्या पत्रकातली कथित चूक

“कॉलेजात शिकणाऱ्या त्या मुलाने भरतीचे गणित चुकवले, मचवा गाळात रुतला आणि शेटजींनी त्याला त्याच दिवशी कामावरून काढले.” आमच्या गावच्या शाळेच्या स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. लिहिणारे गृहस्थ त्या वर्षी पाळण्यात होते. मी त्या मचव्यात होतो.

इंटर सायन्स होऊन मी उन्हाळ्यात घरी आलो, तो बी.एस्सी.ला परत जाता येईल की नाही हे ठाऊक नसताना. या सुट्टीत आणि पुढे दिवाळीत काम मिळाले तरच मुंबईतली खोली टिकणार होती. कामाच्या शोधात मुरुड ते आगरदांडा मी रोज पायी हिंडत असे. सुपारीच्या व्यापाऱ्याने फक्त माझे अक्षर पाहिले. वकिलांना मुलांसाठी इंग्रजी व्याकरण शिकवणारा हवा होता. कलनशास्त्र कोणालाच नको होते. घरी बसवत नसे आणि बाहेर जायला ठिकाण नसे.

आगरदांड्याच्या एका शेटजींचे मचवे खाडीतून म्हसळ्याकडे माल आणि उतारू नेत. आतला भाग उथळ, त्यामुळे भरतीवरच जावे लागे. मचवा हाकणारा तांडेल तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास सांगे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. या आडाख्याला मी कधीही हसलो नाही. पण त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होई, आणि शेटजींना आतल्या गावांत आधी लावून ठेवता येईल असे महिन्याचे पत्रक हवे होते. ते काम मी मागून घेतले.

पंधरा दिवस धक्क्यापाशी खुणांचा बांबू रोवून मी दर पाव तासाला पाण्याची उंची टिपली. मुंबई बंदराच्या कोष्टकाशी ती ताडून आमच्या खाडीचा फरक काढला.

“काय रं कालेजवाल्या,” तांडेल होडीतून ओरडे, “चांद तुज्या वर्गात बसतो काय?”

“बसत नाही, तांडेल. पण त्याची हजेरी चुकत नाही.”

पत्रक लागले. शेटजी म्हणाले, “हे नीट चाललं तर दिवाळीचंही तूच कर, बेटा.”

पहिले सात दिवस मचवे शेवटच्या वेळेच्या बरेच आधी सुटले; आठव्या दिवशी मीही मचव्यात बसलो. निघण्याची शेवटची वेळ पत्रकात दहा होती. तांडेल केव्हापासून शीड उभारून कुरकुरत होता, “पानी आता ऱ्हायाचं न्हाय.” उतारूंसाठी मचवा थांबवून शेटजींचा कारकून धक्क्यावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, “पत्रकात दहा हाय. दहाला सोडू.” मी खिशातले घड्याळ काढून पाहिलेही नाही. दहाला कारकूनही मचव्यात चढला. आत वळणापाशी मचवा रुतला. उतारू धोतरे आणि लुगडी वर धरून गुडघाभर गाळातून किनाऱ्याकडे निघाले.

“तुजी वही घाल आता मचव्याखाली!” तांडेल म्हणाला. सगळे हसले, कारकून सर्वांत मोठ्याने.

मी खिशातले घड्याळ काढले आणि कारकुनाच्या घड्याळाशेजारी धरले. त्याचे धक्क्यावरच्या घड्याळाला धरून लावलेले, माझे मुंबईच्या स्टेशनावर. दोहोंत एकोणचाळीस मिनिटांचे अंतर होते. माझ्या टिपणांत आणि पत्रकात सर्वत्र रेल्वेची वेळ होती. धक्का मुंबईच्या जुन्या स्थानिक वेळेवर चालत होता. दोन वेळा चालतात हे मला मुंबईत राहून ठाऊक होते. धक्क्यावरचे घड्याळ मागे आहे हेही मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. गावातले घड्याळ म्हणजे मागेच असणार, असे मानून सोडून दिले. पत्रकाच्या डोक्यावर ‘वेळा रेल्वेच्या’ ही एक ओळ लिहायची राहिली. ती चूक माझी, आणि ती मी त्याच दुपारी कबूल केली. गणिताची चूक मात्र मी आजही कबूल करणार नाही.

धक्क्यावर परतल्यावर शेटजींनी दोन्ही घड्याळे तळहातावर घेतली. “तुझा हिशेब खोटा की माझं घड्याळ?”

“दोन्ही खरी आहेत, शेटजी.”

“मग मचवा का अडकला?”

मी सांगितले. ते दोन्ही घड्याळे आळीपाळीने न्याहाळत राहिले. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात मुंबईची खोली सोडून दिली होती. पत्रकातला प्रत्येक आकडा एकोणचाळीस मिनिटांनी कमी करणे सोपे होते. कारकून दौत घेऊन आलाही. शेटजींनी त्याला परत पाठवले आणि मला म्हणाले, “दिवाळीचं पत्रक कर.” मी ते केले, त्यापुढचेही केले आणि बी.एस्सी. झालो.

स्मरणिकेतल्या गृहस्थांना यातले काही पटणार नाही, म्हणून साऱ्या धक्क्याने पाहिलेली एवढी एकच गोष्ट सांगतो: दुसऱ्या दिवशी सकाळी शेटजींनी स्वतः स्टुलावर चढून धक्क्यावरचे घड्याळ एकोणचाळीस मिनिटांनी पुढे केले.