गाडीचं नाव

पार्सलनं परदेशी खेळ गावोगाव पोचू लागले, त्या दिवसांत बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात दगाभाऊ कडूंना रिमोटच्या रेसगाडीचं वेड लागलं. जन्मभर यंत्रमागांची फिटरकी केलेला हा माणूस भारी तापट, पण त्या हातभर गाडीपुढे अगदी मऊ. मोटरचं दातेरी चाक मोठ्या चाकाला भिडवताना ते दात्यांमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरायचे आणि स्क्रू आवळले की ती अलगद ओढून काढायचे. तेवढीच फट राहिली पाहिजे! जास्त झाली की दाते झिजतात, कमी झाली की मोटर तापते.

इतकं जपूनही शाहपूरच्या मैदानात दर शर्यतीला काहीतरी मोडायचंच. गाडीवर त्यांच्या मुलानं, सुरेशनं, मोठ्या झोकात लिहिलं होतं, ‘बिजली’.

या खेपेला दगाभाऊंनी ते खरवडून काढलं आणि रंगानं लिहिलं, ‘दगा’.

सुरेशनं कपाळाला हात लावला. "आबा, शर्यतीच्या गाडीवर दगा? माइकवर नाव पुकारलं की सगळं मैदान हसेल ना!"

"हसू दे की!" दगाभाऊ भडकले. "माझ्या आधीची सगळी भावंडं पाळण्यातच गेली. नावं काय गोड होती एकेकाची! मग मायनं माझं नाव दगा ठेवलं, नजर लागू नये म्हणून. तेव्हाही लोक हसलेच होते."

त्यांनी गाडीचं चाक बोटानं हलकेच फिरवून पाहिलं.

"मी राहिलो ना?"