सात खोल्या, सात वार

म्हातारपणाची तजवीज आमच्या घरमालकिणीइतकी चोख केलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि तिला ना मूल ना बाळ. चार-चार मुलगे असलेल्या बायका देवळाच्या पायरीवर बसून सुनांची गाऱ्हाणी सांगत, तेव्हा ही काखेत स्वतःचं ताट मारून त्यांच्यासमोरून जेवायला चाललेली असे. पिंपरीच्या माळावर कारखाने नुकते उभे राहू लागले होते. बापाने तिच्या नावावर ठेवलेला जमिनीचा तुकडा त्यात गेला आणि मोबदला आला. भावांनाही आला. त्यांनी मुलांची लग्नं लावली, बँड आणले, एकाने फटफटी घेतली आणि ती ओढ्यात घातली. हिने चिंचवड स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर ओळीने पत्र्याच्या सात खोल्या बांधल्या, आठवीत स्वतः राहिली, आणि भाडं ठरवलं ते निम्मं रोख, निम्मं जेवण. प्रत्येक खोलीला एक वार. त्या वारी दोन्ही वेळचं जेवण त्या खोलीने तिला घालायचं. गरीब विद्यार्थी वार लावून जेवतात हे मला माहीत होतं. घराची मालकीण वार लावून जेवते हे तिथेच पाहिलं.

खोली मागायला आम्ही गेलो तेव्हा माझा नवरा पुढे होऊन आपल्या नोकरीबद्दल सांगू लागला. तिने त्याला हाताने बाजूला केलं. "तुजी नोकरी ऱ्हाऊ दे. ही आमटी कशी करती ते बोल." मी सांगितलं. ती म्हणाली, "चिच्च कमी घाल. बुधवार तुजा." एवढ्यावर आम्हाला घर मिळालं. तिला उपास मान्य नव्हता, कारण उपास केला की कुणाचा तरी वार बुडतो आणि बुडलेला वार म्हणजे बुडालेलं भाडं. वार आपसात बदलायचा तर आधी तिला विचारावं लागे. आमटी पाणचट झाली तर ती ओरडत नसे. ताट तसंच ठेवून दारात बसून राही, म्हणजे येणाराजाणारा विचारी, "काय आत्या, जेवला न्हाई का?" पुढच्या वेळी आमटी दाट होई.

शुक्रवार मिस्त्रीचा होता. तो ट्रक दुरुस्त करी, आणि त्याची बायको जे मटण शिजवी त्याचा वास पार रुळांपर्यंत जाई. गावातली चार मोठी माणसं एकदा तिला समजवायला आली. मुसलमानाच्या घरचं जेवतेस, गाव काय म्हणेल, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग शुक्रवार तुमी घ्या. मटान पायजे मातर." माणसं चहा न घेता गेली.

नवऱ्याने तिला टाकलं असं गावात सांगत. ती म्हणे, "म्या त्याला टाकला. जेवताना मचमच वाजवायचा." खरं काय ते देवाला ठाऊक. पण एकट्या बाईने कसं जगावं याबद्दल तिचं मत पक्कं होतं आणि ते ती न विचारता ऐकवी. "सोनं ठिवलं तर चोर न्हेतो. पैका ठिवला तर भाचा न्हेतो. उद्याची आमटी कोन चोरनार? आन् पोरगं म्हंजी म्हातारपनाची काठी म्हंत्यात. काठी आपल्या हातात पायजे बाई. आपुन काठीच्या हातात ग्येलो की संपलं." पोटुशी बाई समोर असली तरी हेच बोले.

मग ती धुण्याच्या दगडावर घसरली आणि पाय मोडला. हाडवैद्याने फळ्या बांधल्या आणि दोन-अडीच महिने उठायचं नाही म्हणून बजावलं. दुसऱ्याच दिवशी महाळुंग्याहून भाचा बैलगाडी घेऊन हजर. गाडीत गवत, गवतावर गादी.

"आत्ये, चल घरी. रगताची मानसं हाईत आमी."

"मला न्हेतूस का खोल्यास्नी?"

"खोल्या काय गाडीत मावत्यात व्हय?"

"म्हनूनच आदी मला न्हेतूस."

भाचा मुळात वाईट नव्हता, पण त्याला घाई होती. तो आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या बाया तुला जेवाय घालतील. हागनं-मुतनं कोन काढंल?"

प्रश्न खरा होता. ठरलेलं होतं ते जेवणाचं. ती गाडीत बसली असती तर भाच्याच्या ओसरीवर पडून राहिली असती आणि सुनेच्या हातात काय पडेल ते खाल्लं असतं, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही.

तिने पडल्या पडल्या आम्हाला आत बोलावलं. "पाय बरा हुईस्तवर रोख भाडं निम्मं. ज्येचा वार, त्येनं त्या दिशी माजं समदं करायचं. हाय कबूल?"

रविवारच्या खोलीतल्या मालवणच्या बाईला रडू फुटलं. "आत्यानू, मी असांच करतलंय. भाडां कमी कित्याक?"

"फुकाट नगं," ती म्हणाली. "फुकाटची माया दोन दिस टिकती. तिसऱ्या दिशी तुजा दाल्ला इचारंल, त्या म्हातारीचं का करती? तवा तुला सांगाया कायतरी पायजे."

मला त्या वेळी तिचा राग आला होता. पण अडीच महिने एकही वार चुकला नाही आणि कुणाच्या नवऱ्याने तोंड उघडलं नाही, हेही मी पाहिलं. भाचा निघाला तेव्हा तिने आतून हाक मारली, "रिकामा चालला हाईस तर गवत उतरव हितंच. मिस्त्रीच्या शेळीला व्हईल." त्याने उतरवलं.

पाय बरा झाला, थोडा आखूड राहिला. आणि मग तिच्या हिशेबात नसलेली गोष्ट घडली. कारखान्याने कामगारांना क्वार्टर दिली. नळ, विजेचा दिवा, सिमेंटची जमीन. आम्ही गेलो, मालवणची गेली. आमच्या खोल्यांत सडे तरुण आले. ते कँटीनमध्ये जेवत, रोख भाडं पुरं देत, आणि त्यांना भात सोडून काही येत नव्हतं. बुधवारी आणि रविवारी म्हातारी स्वतः चूल पेटवू लागली. भाचा पुन्हा चकरा मारू लागला.

मी एका बुधवारी डबा घेऊन गेले. तिने झाकणही काढलं नाही.

"तुजं भाडं संपलं. उपकार म्या घेत न्हाई."

"उपकार कोण करतंय? क्वार्टरला अंगण नाही. पापड वाळवायला तुमचं अंगण भाड्याने द्या. भाडं बुधवारचं जेवण."

"पापड वरसातनं यकदा. बुधवार दर आठवड्याला. तोटा हाय तुजा."

"माझा तोटा मी बघते."

तिने डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "आमटीत चिच्च कमी घाल," आणि डबा उघडला.

पुढच्या आठवड्यात मालवणच्या बाईने रविवारच्या बोलीवर कोंबड्या ठेवायला कोपरा भाड्याने घेतला. तिच्याकडे कोंबड्या नव्हत्या.

ती गेली ती स्वतःच्या खोलीत गेली. अग्नी भाच्याने दिला. त्याचा तेवढा हक्क ती आधीपासून मान्य करत होती. त्याने खोल्या विकल्या, आज तिथे कसल्याशा गोदामाची भिंत आहे. मला मात्र तिचा एक बुधवार आठवतो. जेवून झालं होतं, ती दारात बसून ताट पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या मालवनीच्या कोंबड्या लई शान्या हाईत. आवाज म्हनून करत न्हाईत."

मी हूं म्हटलं. अंगणभर चांगलं कडक ऊन पडलं होतं, आणि तिथे काहीच वाळत नव्हतं.